नॉमिनीत गुरुजींचं नाव

डोंगरवार गुरुजींच्या हातात कुठलाही कागद दिला की ते तो आधी उलटा करत. लग्नाची पत्रिका असो, एसटीचं तिकीट असो, नाहीतर गोळ्यांची पट्टी असो. पुढच्या बाजूला काय आहे ते नंतर. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हाही त्यांनी ती उलटी केली, मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नाव वाचलं, मग पुढची बाजू वाचली आणि विचारलं, पोरगा नोकरीत पर्मनंट आहे का. मी हो म्हटलं. तर म्हणाले, ऑर्डर पाहिलीस का. मी म्हटलं, गुरुजी, मी लग्न करून राहिले, भरती नाही करून राहिले. ते हसले नाहीत. पाहून ये म्हणाले. आणि मी खरोखर नवऱ्याच्या घरी निरोप पाठवून त्याची नेमणुकीची ऑर्डर मागवली. माझा नवरा आजही त्यावरून मला टोमणे मारतो.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की गुरुजींनी सांगितलं आणि आम्ही केलं नाही असं आमच्या गावात होत नसे. मी तर त्यांची लाडकी विद्यार्थिनी. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा राग दिसेल. तो लपवायचा माझा विचार नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. गुरुजी तिथल्या शाळेवर आले ते तिथेच रिटायर झाले आणि तिथेच राहिले. बुटका बांधा, पांढरा सदरा, खिशात दोन पेन, एक निळा आणि एक काळा. निळा स्वतःसाठी, काळा सरकारी फॉर्मसाठी. सायकलच्या कॅरिअरला रेक्झिनची पिशवी, आणि त्या पिशवीवर बारा महिने प्लास्टिकची थैली चढवलेली. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि मग तोंड उघडायचे. शाळेत आम्ही त्या चष्म्याकडे बघूनच ओळखायचो की आता छडी की शाबासकी.

रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात, गुरुजी बचतीला लागले. स्वतःची आलेली रक्कम त्यांनी अर्जुनीच्या बँकेतून सात वर्षांच्या सरकारी बाँडमध्ये घातली होती. दर सहा महिन्यांनी व्याज खात्यात पडलं की ते सायकलवरून उतरून दिसेल त्याला सांगत. फुशारकीने नव्हे, निकाल लागल्यासारखं. "पडलं. तारखेले पडलं." मग गावातल्या बायकांनी विचारायला सुरुवात केली की आम्हाला असं काही मिळेल का. तेंदूपत्त्याचा बोनस यायचा, मोहफुलाचे पैसे यायचे, आणि घरातल्या पुरुषाच्या हाती पडले की आठ दिवसांत जायचे. यातून गुरुजींचा वर्ग सुरू झाला. बाजाराच्या दिवशी, दुपारी, शाळेच्या ओसरीवर.

तो वर्ग मी पाहिला आहे. समोर पंधरा-वीस बाया, बाजाराच्या थैल्या मांडीवर. गुरुजी म्हणायचे, ढोली कोणाकोणाच्या घरी आहे? सगळ्यांचे हात वर. आमच्याकडे धान साठवायची बांबूची मोठी ढोली असते, भरली की तिचं तोंड शेणामातीने लिंपून टाकतात. मग गुरुजी विचारायचे, लिंपलेली ढोली कोणी दुसऱ्या दिवशी फोडते का? नाही जी. तसंच हे पोस्टाचं किसान विकास पत्र. अडीच वर्षं तोंड लिंपलेलं. मधात पोरीचं लग्न निघालं, बैल मेला, काही झालं तरी त्याच्या आधी फुटत नाही. महिन्याला व्याज मिळत नाही, शेवटी एकदम दुप्पट मिळते. ज्याले मधात पैसा लागन, त्याने सगळं यात टाकाचं नाही. हे सगळं समजलं का? हो जी. मग सांग.

आणि मग परीक्षा. गुरुजी कुणाचाही फॉर्म असाच भरू देत नसत. पाच प्रश्न विचारत. किती दिवस बंद? मधात निघते का? व्याज कवा? मुदत झाल्यावर तिथेच ठेवलं तर वाढते का? आणि नॉमिनी कोण? एक जरी चुकलं तरी पुढच्या बाजारी ये म्हणत. बुधिया नावाची एक बाई चौथ्या प्रश्नाला चार बाजार नापास झाली. तिला वाटायचं, ठेवलं की वाढतच जाणार, दुपटीची चौपट, चौपटीची आठपट. पाचव्या बाजारी ती पास झाली तेव्हा तिने ओसरीवर सगळ्यांना मुरमुरे वाटले.

एकदा नागपूरकडचा कुठल्याशा कंपनीचा माणूस गावात आला होता. गुळगुळीत कागद, त्यावर सोनेरी चक्र, आणि तीन वर्षांत दुप्पट. नाव बाँडच. लोक भुलले होते. गुरुजींनी तो कागद मागून घेतला, उलटा केला, आणि बराच वेळ पाहत राहिले. मागची बाजू कोरी होती. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या माणसाला अगदी नम्रपणे विचारलं, "यामागं काहीच काऊन नाही छापलं जी?" तो म्हणाला, सगळं पुढे आहे सर. गुरुजी म्हणाले, पैसे नाही मिळाले तर कोणाकडं जायचं, हे मागं राहते. ते कुठं आहे? तो माणूस चहा अर्धा टाकून मोटरसायकलवर बसला. नंतर शेजारच्या दोन गावांत त्याने लोकांना बुडवलं. आमच्या गावात एक रुपया गेला नाही.

हे सगळं खरं आहे. मी रागात असले तरी हे खोडून काढणार नाही.

आता नॉमिनीचं सांगते. पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड. आपण मेल्यावर पैसे कोणाला, हे जिवंतपणी स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे लोकांना अपशकुन वाटायचा. त्यातून एका पोराचं नाव लिहिलं की दुसऱ्याचं तोंड वाकडं. सुनेचं लिहिलं तर घरात चूलच पेटणार नाही. म्हणून हळूहळू सगळे एकच उत्तर देऊ लागले: तुमचंच लिवा जी गुरुजी. तुमी वाटून द्याल.

गुरुजी आधी नाही म्हणायचे. मग समजावत की नॉमिनी मालक नसतो. नॉमिनी हा खळ्यावरचा जागल्या. धानाची रात्रभर राखण करतो, सकाळी ज्याचं त्याला मोजून देतो. वर्गाला विचारत, "जागल्या मालक होते का?" बाया एका सुरात म्हणत, "नाही जी." गुरुजी पुन्हा विचारत, पुन्हा तोच सूर. पाढा म्हणून घ्यावा तसं म्हणून घेत. एवढं झालं की फॉर्मवर त्यांचं नाव लागे. कोणाला काय द्यायचं ते लोक त्यांच्या कानात सांगत. ते लिहून घेत नसत. लिहिलं तर कोणीतरी वाचणार आणि भांडण लागणार, असं लोकांचंच म्हणणं होतं. कागदावर नाही ते नाहीच, असं उभा जन्म सांगणारा हा माणूस गावाचं सगळ्यात मोठं काम तोंडी करत होता, आणि कुणालाही, मलासुद्धा, त्यात काही वावगं वाटलं नाही.

कारण ते पाळत होते. नॉमिनीत त्यांचं नाव लावलेला सोमाजी गेला तेव्हा मी गावात होते. तेरवीच्या जेवणाआधी गुरुजी आले, पिशवीवरची प्लास्टिकची थैली काढली, आतून पैसे काढले. सोमाजीचे तीन मुलगे तीन वाटे धरून बसले होते. गुरुजींनी चार वाटे केले. पहिला वाटा उचलून सोमाजीच्या म्हातारीच्या ओटीत टाकला आणि म्हणाले, सोमाजीने असं सांगितलं होतं. मोठा मुलगा काही बोलायला गेला तसा गुरुजींनी चष्मा काढला. चष्मा निघाला म्हणताच तो गप्प बसला. त्या दिवशी पंगतीतला प्रत्येक माणूस गुरुजींकडे बघत होता, आणि मला तर इतका अभिमान वाटला की मी परत येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला ही गोष्ट सांगितली.

माझी पारबता आत्या या वर्गाला येत नसे. तिला ओसरीवर यायची गरज नव्हती, कारण ती त्याच शाळेत खिचडी शिजवायची. विधवा, मूलबाळ नाही, तोंडाने फटकळ. गावात गुरुजींची चेष्टा करायची हिंमत फक्त तिच्यात. त्यांच्या ताटात खिचडी वाढली की म्हणायची, घ्या, हे बी उलटं करून पाहा, मांगं का लिवलं हाय ते.

आत्याजवळ माझी मोठी बहीण सुमनताई राहायची. सुमनताईला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर दोन वर्षांत सोडलं आणि तो गोंदियात दुसरीबरोबर राहू लागला. पण बायकोजवळ पैसे आलेत असा वास लागला की यायचा. एकदा कानातली फुलं नेली, एकदा आमच्या बाबांनी तिला दिलेली शिलाई मशीन. तेव्हापासून आत्याने तिला स्वतःजवळ ठेवलं. सुमनताईने आत्याचं अकरा वर्षं केलं. शेवटची दोन वर्षं तर अंथरुणातलं सगळं.

घर होतं आत्याच्या नवऱ्याच्या वाटणीचं. आत्या आहे तोवर राहता येणार होतं, नंतर दिराची पोरं ते मागणार हे ठरलेलं होतं. म्हणून पाटबंधाऱ्याच्या नहराच्या कामात आत्याच्या धानाच्या बांधीचा तुकडा गेला आणि त्याचा मोबदला आला, तेव्हा आत्याने एकच ठरवलं. हा पैसा वाढवायचा आणि त्यात सुमनसाठी गावातच जागा घेऊन दोन खोल्या बांधायच्या. वर निळे पत्रे. पत्र्यांचा रंगसुद्धा तिने ठरवून ठेवला होता, कारण दर पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू फेरता फेरता तिचा जन्म गेला होता.

मी तेव्हा नर्सिंगचा कोर्स संपवून नुकतीच आले होते. माझं अक्षर चांगलं म्हणून गुरुजी फॉर्म मला भरायला लावत. शाळेच्या ओसरीवर आम्ही चौघं होतो: गुरुजी, आत्या, सुमनताई आणि मी. आत्याने पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं अशी दिली, जणू गुरुजींनाच शिकवत होती. पाचव्याला थांबली.

"सुमनचं नाव लिवलं तं तो मेला वास काढत यीन," ती म्हणाली. "तुमचंच लिवा. सुमनचं घर तुमाले माहीत हाय. द्याल ना जी तिले?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पारबताबाई, जागल्या मालक होते का?"

"नाही जी."

"मंग."

एवढंच झालं. मी पेन उचलला आणि मग, देव जाणे कुठून सुचलं, मी म्हटलं की गुरुजी, हे सुमनताईचं कुठेतरी लिहून ठेवू या का, एखाद्या साध्या कागदावर. गुरुजी माझ्याकडे नुसते पाहत राहिले. आत्या मला चिडून म्हणाली, लई शिकली का वो तू. मला इतकी लाज वाटली की मी गुरुजींची माफी मागितली. त्यांनी माफही केलं, पाठीवर हात ठेवून. मग मी काळ्या पेनाने, माझ्या चांगल्या अक्षरात, त्यांचं पूर्ण नाव त्या रकान्यात लिहिलं.

ती माफी मला अजून चावते. बाकी सगळं एक वेळ मी गिळेन.

आत्या थंडीत गेली. विकास पत्राची मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते, पण माणूस गेल्यावर नॉमिनीला त्यासाठी थांबावं लागत नाही. तेरवीला गुरुजी आले. पिशवी होती. त्यांनी पंगतीत जेवण केलं, आत्याच्या खिचडीची आठवण काढली, डोळे पुसले आणि पिशवी घेऊन निघाले. मी त्यांच्या मागे अंगणापर्यंत गेले. म्हणाले, मृत्यूचा दाखला लागतो, फॉर्म लागतो, साक्षीदार लागतात, वेळ जातो. सोमाजीचे पैसे तेरवीलाच आले होते हे मला तेव्हा आठवलंही नाही, मला ते पटलं. नुसतं पटलंच नाही, तर सुमनताईला मीच ते नीट समजावून सांगितलं. सरकारी काम आहे, घाई करून चालत नाही. मी त्यांच्याच शाळेत शिकले होते ना.

दोन महिन्यांनी दिराच्या पोरांनी घर मागितलं. चार महिन्यांनी सुमनताईचं सामान ओसरीवर आलं. गुरुजींना विचारलं की ते म्हणत, चालू आहे. एकदा म्हणाले, साहेब बदलले. मी नोकरीच्या गावी, गोरेगाव तालुक्यातल्या दवाखान्यात. रोज येणं शक्य नव्हतं. अखेर सुमनताईला मी माझ्याकडे घेऊन आले, तात्पुरती म्हणून. तिने आत्याची ढोली नेऊ का विचारलं. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये ढोली कुठे ठेवणार, म्हणून ती तिथेच राहिली.

नंतर जानेवारीत, झेंड्याच्या दिवशी, मी सुमनताईच्या रेशन कार्डाच्या कामासाठी गावात गेले. शाळेत कार्यक्रम होता. शाळेशेजारची ग्रामपंचायतीची पडकी खोली नवी झाली होती. आत फरशी, टेबलं, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट. वर निळे पत्रे. दारावर पाटी: गुरुजींच्या वारलेल्या बायकोचं नाव, आणि खाली अभ्यासिका. पाहुण्यांनी फीत कापली, भाषणं झाली. एका शिक्षकाकडून गावाला एवढी मोठी भेट, असं सगळे म्हणत होते. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

आलं ते त्या पत्र्यांकडे बघताना. निळे पत्रे काय, सगळीकडेच मिळतात. पण मी तिथून उठले आणि दुसऱ्या दिवशी केशोरीच्या पोस्टात जाऊन चौकशी केली. तिथल्या माणसाने आत्याचं नाव ऐकलं आणि सहज सांगितलं, ते तं कवाच नेले जी, पावसाळ्याच्या आधीच. नॉमिनी आले होते.

मी त्याच पावली परत गावात गेले. गुरुजी अभ्यासिकेत एकटेच होते, टेबलावर फडकं मारत. मी उभ्याउभ्या विचारलं, आत्याचे पैसे कुठे आहेत. त्यांनी फडकं ठेवलं. चष्मा काढला नाही, हे मला चांगलं आठवतं.

"इथंच आहेत," ते म्हणाले. "तुझ्या आत्याने या शाळेत जन्मभर खिचडी शिजवली. पोरं तिचीच होती. पोरांच्या कामी आले."

"आत्याने घर सांगितलं होतं. सुमनताईचं. मी होते तिथं."

"सुमनच्या हाती देऊन काय झालं असतं? तिचा नवरा आला असता. पारबताबाईच म्हणत होती."

"गुरुजी, जागल्या मालक होते का?"

त्यांना तो प्रश्न लागला. चेहरा लाल झाला. म्हणाले, मालक झालो का मी? एक रुपया तरी घरी नेला का? घरातली गहू दळायची गिरणी विकून मी यात पैसा टाकला आहे. मग हळू आवाजात म्हणाले की शांताला जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या नावाचं गावात काहीच नव्हतं. मुलगा पुण्याला, फोन करत नाही. मी विचारलं, मग पाटीवर आत्याचं नाव का नाही? त्यांनी फडकं पुन्हा उचललं आणि पुसलेलंच टेबल पुसलं. मग म्हणाले, कायद्याने पाहिलं तर सुमनही वारस नाही, पोरी. वारस तिच्या दिराची पोरं. त्यांना गेलं असतं तर आवडलं असतं का तुला?

कायदा बरोबर होता. त्यांनीच मला शिकवला होता. मी वकिलाला विचारलं तेव्हा त्यानेही तेच सांगितलं, आणि विचारलं की ताईचं नाव कुठे लिहिलेलं आहे का.

मला वाटलं होतं गाव तरी उठेल. मी चार घरी गेले. बुधिया म्हणाली, गुरुजीनं खाल्ले तं नाही ना वो बाई, लेकरायसाठीच लावले ना. सोमाजीच्या म्हातारीने माझा हात धरला आणि सांगितलं की माझा वाटा त्यानेच दिला होता, त्याच्याविरुद्ध मी तोंड कसं उघडू. तिचं मला पटतं. तरी मी तिच्या घरून पाणी न पिता उठले. ज्याने आपल्याला फसवणुकीपासून वाचवलं त्यानेच फसवलं, हे गावाला मान्य करायचं नव्हतं. मग त्यांनी ते एका शब्दात बसवलं: दान. आत्याने न केलेलं दान, सुमनताईने न केलेलं दान. दान देणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

एक गोष्ट मात्र झाली. त्या वर्षानंतर गावातल्या बाया गुपचूप केशोरीला जाऊन नॉमिनी बदलू लागल्या. तोंडाने गुरुजींना देव म्हणत, आणि बाजाराच्या थैलीत पासबुक लपवून नेत. ओसरीवरचा वर्ग आपोआप बंद पडला.

सुमनताई माझ्याकडेच आहे. तात्पुरती येऊन चार वर्षं झाली. माझा नवरा भला माणूस आहे, तिला कधी उलट बोलत नाही. पण ती अजून फ्रिज उघडायच्या आधी मला विचारते. पंखा एकटीसाठी लावत नाही. एकदा मी दुपारी लवकर घरी आले तर ती ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलने चौकोन काढत बसली होती, दोन खोल्या, एक पडवी, दार पूर्वेला. मला पाहून तिने तो कागद भाजीच्या देठांबरोबर गुंडाळून टाकून दिला. गुरुजींबद्दल ती एक शब्द बोलत नाही. मी शिव्या घालायला लागले की उठून आत जाते. मग मी आणखी घालते.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते अर्जुनीला. पुन्हा रेशन कार्डच, सुमनताईचं नाव या तालुक्यातून काढून त्या तालुक्यात घालायला तिसऱ्यांदा चकरा. काम आटोपून मी बँकेत पैसे काढायला गेले तर बाकावर गुरुजी. खूप वाळले होते. एका डोळ्यावर पांढरं पडलेलं, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. सदरा तोच, खिशात एकच पेन, काळा. मांडीवर पिशवी, पिशवीवर प्लास्टिक.

मी तशीच मागे फिरणार होते. पण त्यांनी मला चालण्यावरून ओळखलं. "सुलोचना का?" म्हणाले. नावाने हाक मारली की पाय थांबतात, शाळेची सवय. सात वर्षांचा बाँड पिकला होता. तीच रक्कम पुन्हा सात वर्षांसाठी घालायची होती. आता सात वर्षं कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी ते गिळलं. फॉर्म भरायला कोणी सापडत नव्हतं. खिडकीवरचा मुलगा गर्दीत होता आणि त्यांना अक्षरं दिसत नव्हती. तुझं अक्षर चांगलं आहे, असं म्हणून त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला.

मी का घेतला, मला सांगता येणार नाही. त्यांच्या खिशातला पेन घेतला, बसले आणि भरायला लागले. नाव, पत्ता, खातं नंबर. व्याज सहा महिन्यांनी. ते प्रत्येक रकान्याला मान हलवत होते. मग नॉमिनीचा रकाना आला. जुन्या बाँडला बायकोचं नाव होतं.

"मुलाचं लिहू?" मी विचारलं.

"नाही. तुझं लिव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, माझं कायले जी. ते म्हणाले, "तू खाणार नाहीस. गावात दुसरं कोणी राहिलं नाही मले असं." ते माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते. मला क्षणभर असं वाटलं, आणि अजूनही वाटतं, की हा माणूस काहीतरी परत करू पाहतो आहे आणि त्याला ते तोंडाने म्हणता येत नाही. इतक्या वर्षांचा राग एका बाकावर ढिला पडायला लागला.

म्हणून मी सरळ विचारलं. "गुरुजी, माझं कशाला? सुमनताईचं लिहिते. थेट तिचंच. लिहू?"

त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याचं टोक धरून आधी एक काच पुसली, मग दुसरी. खूप वेळ पुसली. खिडकीवरच्या मुलाने दोन नंबर पुकारले. मी पेन कागदावर टेकवून बसले होते, सु लिहायला.

"नको," ते म्हणाले. "तिचा नवरा आहे ना अजून. यीन तो."

मी पेनाचं टोपण लावलं. पेन त्यांच्या खिशात ठेवला, फॉर्म त्यांच्या हातात दिला. तो एक रकाना सोडून बाकी सगळा भरलेला होता, चांगल्या अक्षरात. दारापाशी जाऊन एकदा मागे वळून पाहिलं, ते मी करायला नको होतं. गुरुजींनी तो फॉर्म उलटा केला होता आणि मागची बाजू त्या एका डोळ्याजवळ धरून वाचत होते.